जीपमधला दुसरा माणूस

गुंदच्या म्हाबळूमामाच्या घरी त्याची बायको देवकीमामी वारल्यापासून कुणी जेवायला आलं नव्हतं. माणसं वाईट होती असं नव्हे. एकटा बाप्या काय शिजवणार आणि आपण काय मागणार, या भिडेनं लोक अंगणातूनच "बरं हाय नव्हं?" विचारून पुढं जायचे. मामा "हाय की" म्हणायचा आणि माणूस वळणाआड जाईपर्यंत दारात उभा राहायचा. मग आत येऊन चुलीवरचा भात बघायचा. एका माणसाचा भात लावायला त्याला कधी जमलंच नाही. उरलेला सकाळी कोंबड्यांना जायचा, आणि अख्ख्या नंदिगड्डे पंचायतीत एवढ्या धष्टपुष्ट कोंबड्या दुसऱ्या कुणाकडं नव्हत्या.

घरात माणूस येत नव्हतं, पण जीपमध्ये यायचं.

जीप निळी होती, म्हणजे घेतली तेव्हा होती. आता ती कुठल्या रंगाची आहे हे ज्यानं त्यानं आपापल्या मनानं ठरवायचं. कागदपत्रांवर मालकाचं नाव महाबळेश्वर, पण एवढं लांब नाव पुरं हाकारेपर्यंत जीप पुढं निघून जाईल म्हणून लोकांनी ते कापून म्हाबळू केलं होतं. मागं समोरासमोर दोन बाकडी. आठ माणसं गुडघ्याला गुडघा लावून बसायची, आणि गुडघ्याला गुडघा लागला की माणूस बोलतोच. कुणाची गाय कुणाच्या भातात शिरली, कुणाच्या सुनेनं मोबाइल पाण्यात टाकला, उळवीच्या जत्रेत औंदा कुणाचा बैल बसला, हे सगळं मामाला पाठीमागून ऐकू यायचं. तो स्वतः फारसं बोलत नसे. फक्त गाडी हळू चालवायचा. इतकी हळू की सायकलवाला मागून घंटी वाजवायचा. लोकांना वाटायचं, मामा जपून चालवतो. खरं कारण एवढंच की गुंद आलं की माणसं उतरायची.

पैसे तो घेत नसे. पांढऱ्या पाटीची गाडी, भाडं मारायची परवानगी नव्हती, हे एक. दुसरं असं की एकदा एकानं उतरताना नोट पुढं केली, तर मामाचं तोंड उतरलं. "पैसं दिलं की माणूस मागं वळून बघत न्हाई," तो म्हणाला. तेव्हापासून लोक कणगाचे कंद, नारळ, अळंबी असलं काहीबाही बाकड्याखाली सरकवून जायचे. आणि छत्र्या विसरायचे. विसरलेली छत्री मामा कधी पोचती करत नसे. ज्याची आहे तो येईल, म्हणायचा. तो यायचाच. मग अंगणात थांबून दोन शब्द बोलायचा. जोयड्याच्या पावसात छत्रीसारखी माणसं ओढून आणणारी दुसरी वस्तू नाही, हे मामानं ओळखलं होतं.

एवढ्या जुन्या गाडीचा फुल इन्शुरन्स कुणी काढत नाही. रामनगरचा सुदेश एजंट तो दरवर्षी काढायचा, कारण मामा दरवर्षी त्याच्या दुकानात येऊन बाकावर ठिय्या मारायचा आणि "हिला काय झालं तर?" एवढंच विचारायचा. सुदेशचे आजोबा खानापूरहून व्यापाराला आले होते. घरातला धंद्याचा चटपटीतपणा त्याच्यात उतरला होता. पण या प्रश्नापुढं त्याचं डोकं चालत नसे. तो फॉर्म काढायचा.

आणि मग तिला खरंच काहीतरी झालं.

गुंदच्या शंकरला जोयड्याच्या दवाखान्यात पोचवून मामा परत येत होता. दिवस मावळायला आला होता. नंदिगड्ड्याच्या पुढच्या उतारावर रस्त्याच्या मधोमध गवा उभा. गवा काही करत नव्हता. त्या रस्त्यावर आपला हक्क आहे एवढंच तो दाखवत होता. मामानं हॉर्न दिला, गव्यानं मान वळवून बघितलं आणि पुन्हा समोर बघायला लागला. मामानं ब्रेक दाबला तर ओल्या पानांवरून जीप घसरली, कडेला गेली, चरीत उतरली आणि मत्तीच्या झाडाला जाऊन भिडली. नाक आत गेलं, चाक वाकडं झालं, काच खळ्ळकन मामाच्या मांडीवर आली. मामाला खरचटलं तेवढंच. गवा सावकाश निघून गेला.

त्या उतारावर एका दगडावर चढलं की फोनला रेंज येते. मामा चढला आणि सुदेशला फोन लावला. सुदेशनं घाईघाईनं कंपनीची लाईन जोडून दिली. तिकडून एका मुलीनं हिंदीत विचारलं, किती जण होते गाडीत?

मामा रानात उभा होता. पलीकडं अंधारून येत होतं. तो म्हणाला, "दोघं."

इथं एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल मामाच्या डोक्याला मार लागला होता. या बाजूच्या रानात एक शिरस्ता आहे. रानात असताना कुणी विचारलं तर 'एकटा' म्हणायचं नाही. का, ते कुणी नीट सांगत नाही. रान ऐकतं, एवढंच म्हणतात. म्हाताऱ्या ताराआजीचंच घ्या. ती अळंबी काढायला पहाटे एकटी रानात जाते. झाडाआडून कुणी हटकलं, "कोण गं तितं?" तर ती ठणकावते, "आमी दोघी हाव." सगळ्यांना माहीत असतं, ती एकटीच आहे. विचारणाराही "बरं" म्हणतो. तोही एकटाच असतो आणि तोही दोघं असतो.

मामाचं घर रानातच. त्यामुळं देवकीमामी गेल्यापासून त्यानं तो शब्द उच्चारलाच नव्हता. हुबळीहून लेक नेत्रा फोनवर विचारायची, "बाबा, जेवलात?" तो म्हणायचा, "व्हय, जेवलो आमी." आधी आधी ती विषय बदलायची. मग सवय झाली. आता तीही "दोघं काय जेवलात?" म्हणायची, आणि मामा भाजीचं नाव सांगायचा.

पण विमा कंपनीला हा शिरस्ता कुणी कळवला नव्हता.

मोडकी जीप जोयड्याला लाडू मिस्त्रीच्या गॅरेजात आणून टाकली. आठवड्यानं बेळगावहून कंपनीचा सर्वेअर नुकसान बघायला आला. किरण त्याचं नाव. तरणा, सभ्य, पाठीवर बॅग आणि बुटाला चिखल लागू नये म्हणून बेडकासारखा उड्या मारत आलेला. त्यानं गाडीचे सगळ्या बाजूंनी फोटो काढले. खालून काढले. मग मागं डोकावला. बाकड्याखाली कणगांची पिशवी, दोन नारळ, एक जनानी चप्पल आणि तीन छत्र्या.

"काका, या छत्र्या कुणाच्या?"

"लोकांच्या."

"आणि हे नारळ?"

"तेबी लोकांचं."

किरणनं लाडू मिस्त्रीकडं बघितलं. लाडू मिस्त्रीनं पान्याकडं बघितलं.

"काका, खरं सांगा. तुम्ही फोनवर म्हणालात दोघं होतो. दुसरा कोण होता?"

मामानं एक छत्री उचलून नीट गुंडाळली.

"तुम्ही भाडं मारता का? मारत असाल तर क्लेम पास होत नाही. खाजगी गाडी आहे. दुसरा पॅसेंजर असंल तर त्याचा जबाब लागंल मला. कुठं आहे तो?"

"तसं न्हाई ते," मामा म्हणाला.

"मग कसं?"

मामानं आजूबाजूला बघितलं. गॅरेजच्या पत्र्यावर वानर बसलं होतं, त्याच्या मागं साग, सागाच्या मागं डोंगर. जोयडा म्हणजे तालुक्याचं गाव खरं, पण रानानं जरा सरकून बसायला जागा दिली म्हणून वसलेलं. इथं बोलण्यासारखं नव्हतं.

"नंतर सांगतो," मामा म्हणाला.

किरण अनुभवानं शिकला होता, की 'नंतर सांगतो' म्हणणारा माणूस काहीतरी लपवतोय. त्यानं बॅग बंद केली. जाताना म्हणाला, "असंही गाडी टोटल लॉस आहे, काका. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीहून जास्त. क्लेम पास झाला तर कंपनी पैसे देईल आणि गाडी भंगारवाला उचलंल."

"उचलंल म्हंजे?"

"म्हणजे नेईल."

मामा मटकन टायरवर बसला. झाडाला धडकल्यावर बसला नव्हता.

त्यानंतर मामाच्या अंगणातून लोक जातच राहिले, पण आता त्यांच्याकडं बोलायला कारण नव्हतं. बाजाराला जायला दुसरी सोय झाली. कुणी बसनं जाई, कुणी पुतण्याच्या मोटारसायकलवर. शंकर बरा होऊन आला, तो टमटममधून. एक बाई छत्री मागायला आली. छत्री जीपमध्ये, जीप जोयड्याला. "ऱ्हाऊ दे मामा, दुसरी घेतली," म्हणून गेली. मामाला ते फार लागलं. दुसरी घेतली म्हणजे ही घ्यायला ती परत येणार नव्हती.

नेत्राचा फोन आला. "बाबा, देतील ते पैसे घ्या आणि एक स्कूटर घ्या. तुमच्यापुरती बास होईल."

"स्कूटरवर माणूस पाठीमागं बसतो, नेत्रा. तोंड दिसत न्हाई."

"जीपमध्येसुद्धा पाठीमागंच बसतात की."

"आरशात दिसतात," मामा म्हणाला. नेत्रानं स्कूटरचा विषय सोडून दिला. मग तिनं विचारलं, दोघं काय जेवलात. मामा म्हणाला, आज भूक नव्हती.

शेवटी सुदेशच चिडला. फोनवर म्हणाला, "मामा, क्लेम बंद करतील ते. नुसतं सांगायचं होतं की दुसरं कोण नव्हतं. तोंडात काय अडकलंय तुमच्या?"

"रानात कसं सांगू?"

सुदेश रामनगरचा. रान त्याला माहीत होतं, पण रस्त्याच्या कडेनं. तरी त्याच्या आजीनं कधीतरी काहीतरी सांगितलं असावं, कारण त्याचा आवाज खाली आला. मग म्हणाला, "रामनगरात सांगायला चालंल?"

मामानं विचार केला. रामनगरातून गोव्याचा हमरस्ता जातो, रात्रंदिवस ट्रक धडधडत असतात. तिथं कान असलेलं कुणी टिकणार नाही.

"चालंल," तो म्हणाला.

म्हणून एका गुरुवारी मामा धुतलेला सदरा घालून बसनं रामनगरला गेला. किरणही सुदेशच्या दुकानात आला. सुदेशनं चहा मागवला. किरणनं फोन टेबलावर ठेवला आणि रेकॉर्डिंग सुरू केलं.

"काका, अपघाताच्या वेळी गाडीत कोण कोण होतं?"

"मी होतो."

"आणि?"

"आणि कोण न्हाई."

"म्हणजे?"

"म्हंजे मी."

"काका, असं तुटक नको. वरचे साहेब ऐकणार आहेत. आधी तुम्ही दोघं म्हणालात. तेव्हा आता स्पष्ट बोला, मी एकटा होतो."

मामानं चहाचा घोट घेतला. कप खाली ठेवला. दारातून रस्त्याकडं बघितलं, तर नेमकं त्याच वेळी एकही ट्रक नव्हता. तो थांबला. सुदेश काही बोलणार होता, त्याला किरणनं हातानं थोपवलं. लांबून एक ट्रक आला, दुकानासमोरून धडधडत गेला, काचेच्या बरण्या थरथरल्या, आणि त्या आवाजात मामा म्हणाला, "मी एकटा होतो."

"ऐकू नाही आलं काका. ट्रक गेला."

सुदेशनं कपाळावर हात मारला.

मामानं किरणकडं बघितलं. पोरगा चांगला होता. बुटाला आज चिखल लागला होता आणि त्यानं पुसला नव्हता. मामानं टेबलावरच्या फोनकडं तोंड नेलं, बहिऱ्या माणसाच्या कानाशी न्यावं तसं.

"मी एकटा होतो," तो म्हणाला. "गाडीत एकटा होतो. शंकरला दवाखान्यात सोडलं आणि एकटाच येत होतो. घरीबी कोण नव्हतं. देवकी गेल्यापासनं एकटाच हाय. लोक जीपमध्ये बसतात म्हणून दिवस जातो. भाडं घेत न्हाई मी. बसतात हेच लई हाय."

किरणला अपघाताची तारीख विचारायची होती. त्यानं विचारली नाही. हात पुढं करून रेकॉर्डिंग बंद केलं आणि उगाचच रिकाम्या कपातला चहा प्याला.

"आयतु," सुदेश हळूच म्हणाला. झालं, संपलं, पुढं चला, हे सगळं त्या भागात या एका कानडी शब्दात मावतं.

पुढचा विषय गाडीचा. किरण आता निराळ्या आवाजात बोलत होता. "काका, एक वाट आहे. गाडी भंगारवाल्याला न देता तुमच्याकडंच ठेवायची. मग भंगाराची जी किंमत येईल तेवढी कंपनी तुमच्या पैशांतून कापणार. उरलेल्यात मिस्त्रीकडून जमेल तशी दुरुस्ती करून घ्या. भंगाराचा भाव मी आणलाय. कमीत कमी बघितलाय." आणि त्यानं आकडा सांगितला.

सुदेशचा चेहरा उजळला. एवढा कमी भाव म्हणजे मामाच्या हातात चांगले पैसे उरणार. तो मामाला टाळी द्यायला हात पुढं करणार, तेवढ्यात मामा ताठ बसला.

"एवढीच?"

"काय एवढीच?"

"तिची किंमत एवढीच? सर, तुम्ही खालून फोटो काढलं नव्हं? चेसिस बघितली? इंजिनाला हात लावून बघितला? अजून अर्ध्या चावीत चालू हुतीया. गिअरबॉक्स गेल्या साली केलाय. टायर दोन नवीन हायत. एवढ्यात तर नुसतं दार मिळत न्हाई."

सुदेशनं टेबलाखालून मामाच्या पायावर पाय दिला. मामानं पाय बाजूला घेतला.

"काका," किरण म्हणाला, "किंमत वाढवली तर तुमचेच पैसे कापले जातील. समजतंय ना?"

"समजतंय. कापा. पण भंगार म्हणून एवढी स्वस्त लावू नका तिला. लोक ऐकतील तर काय म्हणतील."

"लोक कुठून ऐकणार?"

"सुदेश सांगंल की."

सुदेशनं शपथेवर सांगितलं की तो कुणाला सांगणार नाही. (सांगितलं. गुंदपासून उळवीपर्यंत सगळ्यांना माहीत आहे.) नुकसानभरपाईत स्वतःचं नुकसान वाढवून मागणारं गिऱ्हाईक किरणनं आजवर बघितलं नव्हतं. त्यानं पेनाला टोपण लावलं. मग म्हणाला, "काका, असं करू. कागदावर हीच किंमत राहू दे. ती कंपनीची किंमत. खरी किंमत तुम्ही मला सांगा, मी लक्षात ठेवतो."

मामानं विचार केला. मग पुढं वाकून किरणच्या कानात खरी किंमत सांगितली. किरणनं गंभीरपणे मान हलवली. ती काय होती ते सुदेशला आजपर्यंत कळलेलं नाही आणि हे त्याचं कायमचं दुखणं आहे.

पैसे आले, लाडू मिस्त्रीनं काम काढलं. नाक ठोकून सरळ केलं, पण स्वभावात आलेला वाकडेपणा थोडा राहिलाच. एक दिवा जुना गोल, दुसरा कुठल्यातरी टेम्पोचा चौकोनी, त्यामुळं जीप आता एक डोळा बारीक करून बघते आहे असं वाटायचं. डावं दार दोरीनं बांधायचं. बाकड्यांना मात्र लाडूनं नवीन रेक्झिन घातलं, आपल्या मनानं.

मामा जीप घेऊन निघाला. जोयड्याच्या स्टँडवर थांबला. बाजाराचा दिवस नव्हता. दोन ओळखीचे होते. एकानं "आली का गाडी?" विचारलं आणि बस आली तशी बसमध्ये चढला. दुसऱ्याकडं मोटारसायकल होती. मामानं थोडा वेळ इंजिन चालू ठेवलं, मग निघाला. आरशात नवीन रेक्झिन दिसत होतं, गुळगुळीत, त्यावर कुणी बसल्याची घडी नाही. रस्ताभर तो सवयीनं हळू चालवत राहिला आणि मग त्याच्या लक्षात आलं, आज हळू जायला काही कारण नाही. तरी वेग वाढवावा असं वाटेना.

त्या उतारावर मत्तीच्या झाडाची साल निघालेली होती. मामानं जीप थांबवून झाडाकडं बघितलं. माफी मागावी की रागवावं हे ठरत नव्हतं. तेवढ्यात वरून पाचोळा वाजला.

मामा खाली न उतरताच ओरडला, "कोण हाय तितं?"

"आमी दोघी हाव," ताराआजीचा आवाज आला. आणि मागोमाग ती एकटीच उतरली, डोक्यावर अळंब्यांची टोपली, कमरेत कोयता. तिनं जीपकडं बघितलं, गोल दिव्याकडं, मग चौकोनी दिव्याकडं.

"हिला काय झालं रं डोळ्याला?"

"बसतीस काय, आजी?"

"मग काय चालत जाऊ? इतकं दीस कुटं मेला हुतास?" ती टोपली आत ढकलत म्हणाली. दोरी सोडून, दार उघडून, पाय वर टाकून, कण्हत, मामाला आणि लाडू मिस्त्रीला शिव्या देत ती बाकड्यावर बसली आणि नव्या रेक्झिनवरून घसरून पुढं आली. "ह्ये कसलं घसरगुंडं घातलंस? माझी चप्पल ऱ्हायलीया तुज्याकडं. एका चपलीवर हिंडाय लागलीया मी."

"ठेवलीया," मामा म्हणाला. "पायाखाली बघ."

आजीनं वाकून चप्पल काढली, उलटी करून झटकली, पायात घातली आणि तिच्या धाकट्या सुनेनं काय केलं ते सांगायला सुरुवात केली. मामानं आरसा थोडा फिरवला. जीप सुरू झाली.

पुढच्या वळणावर वनखात्याचा गार्ड उभा होता. त्यानं हात करून सहज विचारलं, "मामा, किती जण?"

"दोघं," मामा म्हणाला.

तिथून गुंद फार लांब नाही. त्या दिवशी मामाला पोचायला बराच वेळ लागला. मागून एक सायकलवाला घंटी वाजवत होता.